‘टॉल’ची शेपटी कुठे जाते? सीमाभागातल्या मुलांना इंग्रजीतली तुलना शिकवताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी शाळांतल्या पाचवी-सहावीच्या वह्या तपासायला घेतल्या की हे वाक्य हमखास भेटतं: ‘रवी इज टॉल दॅन मी.’ त्याच्या खालोखाल ‘रवी इज मोअर टॉल दॅन मी’. नियम अर्धामुर्धा पाठ झालेला असला की ‘मोअर टॉलर’. या तिन्ही चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. मूल मराठीत नीट विचार करून तोच विचार इंग्रजीत उतरवतंय. ‘रवी माझ्यापेक्षा उंच आहे’ यात ‘उंच’ला काहीच होत नाही. तुलनेचं सगळं काम ‘पेक्षा’ करतो आणि तो चिकटतो ‘माझ्या’ला. शेजारच्या बाकावरचं मूल कन्नड घरातलं असलं तरी फरक पडत नाही. कन्नडातलं ‘गिंत’ही नामालाच लागतं, विशेषण जसंच्या तसं राहतं.

म्हणून आपली मुलं ‘दॅन’ सहसा विसरत नाहीत, तो त्यांच्या ओळखीचा आहे. विसरते ती विशेषणाची ‘ई-आर’ ही शेपटी, कारण घरातल्या आणि गल्लीतल्या भाषेनं ती कधी मागितलेलीच नसते. शिकवण्याचा सगळा जोर तिथे हवा.

त्यामुळे पहिल्याच दिवशी फळ्यावर तीन रकाने आखून ‘टॉल-टॉलर-टॉलेस्ट, बिग-बिगर-बिगेस्ट’ घोकून घेऊ नका. मुलं ते पाढ्यासारखं खणखणीत म्हणतात आणि खाली बसून ‘टॉल दॅन’च लिहितात. घोकंपट्टीनं शब्द मिळतो, वाक्य मिळत नाही. तक्ता लावायचाच तर शेवटी लावा, आणि तोही मुलांनी स्वतः भरलेला.

पहिला तास: फक्त दोन वस्तू

दोन सुतळ्या घ्या, एक २० सेंटीमीटरची, दुसरी ५०. एक लाल रंगवा, एक निळी. फरक ढळढळीत हवा. चार-पाच सेंटीमीटरचाच असला तर मागच्या बाकावरची मुलं लांबीवरून वाद घालत बसतात आणि व्याकरण बाजूला राहतं. आधी एकच सुतळी दाखवून ‘द ब्लू स्ट्रिंग इज लाँग’. मग दोन्ही शेजारी धरून ‘द ब्लू स्ट्रिंग इज लाँगर दॅन द रेड स्ट्रिंग’. ‘लाँगर’मधल्या ‘र’वर सगळ्या वर्गानं एक टाळी वाजवायची. हे दहा-बारा वेळा, वस्तू बदलून: पट्टी आणि पेन्सिल, दप्तर आणि डबा, खडू आणि डस्टर.

इथे शिकवणाऱ्याच्या तोंडून होणारी एक चूक महागात पडते. अर्थ सांगताना ‘निळी सुतळी जास्त लांब आहे’ असं म्हणू नका. तो ‘जास्त’ मुलाच्या डोक्यात ‘मोअर’ होऊन बसतो, आणि ‘मोअर लाँग’ची सुरुवात तिथेच होते. ‘लालपेक्षा लांब’ एवढंच म्हणा.

मग शब्दांचा क्रम. पाच मुलांच्या हातात पाच कार्डं द्या: रवी, मी, दॅन, टॉल, इज. आधी त्यांना मराठीच्या क्रमानं उभं करा: रवी – मी – दॅन – टॉल – इज. वर्गाला ते मराठीत वाचायला लावा, ‘रवी माझ्यापेक्षा उंच आहे’. नंतर मुलांनाच हलवायला सांगा. ‘इज’ रवीच्या शेजारी येतो, ‘टॉल’ पुढे सरकतो, आणि ‘मी’ व ‘दॅन’ आपापसांत जागा बदलतात. आता सहावं मूल ‘ई-आर’चं कार्ड घेऊन येतं आणि ‘टॉल’चा हात धरतं. ते पहिल्यांदा बहुतेक ‘दॅन’चाच हात धरायला जातं. जाऊ द्या. वर्गच ओरडून सांगतो, आणि त्या ओरडण्याचा उपयोग फळ्यावर लिहिलेल्या नियमापेक्षा जास्त होतो. पुढे कुणी ‘टॉल दॅन’ लिहिलं की लाल पेनानं दुरुस्त करण्याऐवजी ‘सहावा कुठे गेला?’ एवढंच विचारा.

‘दॅन’च्या स्पेलिंगमध्ये ‘ए’ असतो. ‘ई’ घातला की तो ‘मग’ या अर्थाचा ‘देन’ होतो. हे पहिल्या तासालाच सांगून टाका, नंतर सवय मोडत नाही.

तीन रताळी

‘सगळ्यात’ शिकवायला बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात तयार साहित्य शेतातच आहे. नवरात्राच्या सुमारास रताळ्यांना तोटा नसतो. पाच-पाच मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला तीन रताळी द्या, पण निवडून: एक लांब आणि बारीक, एक आखूड आणि गलेलठ्ठ, एक मधलं. हंगाम नसेल तर गाजरं किंवा उसाची कांडकी चालतात. कांदे नकोत, त्यांत लांबी नसते. रताळ्यांवर पेनानं ए, बी, सी लिहा. लांबी पट्टीनं, जाडी पोटाभोवती दोरा गुंडाळून, वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर, नाहीतर दोन हातांत धरून अंदाजानं.

वहीत आधी फक्त जोड्या लिहायच्या. ‘ए इज लाँगर दॅन बी.’ ‘बी इज थिकर दॅन सी.’ ‘बी इज हेविअर दॅन ए.’ सगळ्या जोड्या झाल्यावरच विचारा: तिघांत सगळ्यात लांब कोण? ‘ए इज द लाँगेस्ट.’ सगळ्यात जाड? ‘बी इज द थिकेस्ट.’ सगळ्यात जड? बहुतेक मुलं न मोजता ‘ए’ म्हणतात, कारण ते लांब दिसतं. काटा वेगळं सांगतो. लाँगेस्ट एक आणि हेविएस्ट दुसरंच निघालं की ‘-ई-एस-टी’ वस्तूला लागत नाही, गुणाला लागतं, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तीन खडू घेऊन हा धडा केला तर ही गंमत होत नाही; तिन्ही गुणांत एकच खडू पहिला येतो.

सुपरलेटिव्हच्या, म्हणजे ‘सगळ्यात’ सांगणाऱ्या ‘-ई-एस-टी’च्या रूपाच्या आधीचा ‘द’ आपल्या मुलांकडून गळतो, कारण मराठीत त्याच्या जागी काहीच नाही, कन्नडातही नाही. उपाय साधा आहे: ‘-ई-एस-टी’चं कार्ड आणि ‘द’चं कार्ड दोऱ्यानं एकमेकांना बांधून ठेवा. एक उचललं की दुसरं येतंच. ‘माय बेस्ट फ्रेंड’मध्ये ‘माय’ असल्यामुळे ‘द’ लागत नाही, पण हे महिनाभरानं सांगा. आधीच सांगितलं तर ‘द’ सगळीकडूनच जातो.

नंतर येतो ‘इन’ की ‘ऑफ’ हा घोळ. मराठीत ‘वर्गात’ आणि ‘तिघांत’ दोन्हींना एकच प्रत्यय, म्हणून मुलं ‘इन द थ्री’ लिहितात. जागा किंवा समूह असेल तर ‘इन’: इन द क्लास, इन कर्नाटका. आकडा किंवा ‘ऑल’ असेल तर ‘ऑफ’: ऑफ द थ्री, ऑफ ऑल. वस्तू दोनच असतील तर सुपरलेटिव्ह नाही, ‘द टॉलर ऑफ द टू’. पाचवीला एवढं पुरे.

स्पेलिंगच्या पट्ट्या

जुन्या लग्नपत्रिका किंवा कॅलेंडरची पाठ घ्या. ५ सेंटीमीटर रुंद, १८ सेंटीमीटर लांब पट्ट्या कापा आणि २ सेंटीमीटरच्या चौकटी आखा. एका चौकटीत एकच अक्षर. चौकटी न आखता लिहिलं तर अक्षरं लहानमोठी होतात आणि घडी अक्षराच्या मधूनच पडते. शब्द संपला की पुढची अक्षरं त्याच पट्टीवर लिहून तो भाग मागे दुमडायचा. घडी उघडली की कम्पॅरेटिव्ह, म्हणजे दोघांच्या तुलनेचं ‘ई-आर’चं रूप दिसतं. चार प्रकारच्या पट्ट्या लागतात.

‘टॉल’च्या पट्टीत घडीत ‘ई-आर’. ‘लार्ज’च्या पट्टीत फक्त ‘आर’, कारण शेवटी ‘ई’ आधीच आहे. ‘बिग’च्या घडीत ‘जी-ई-आर’. ‘हेवी’ची थोडी कारागिरी आहे: ‘एच-ई-ए-व्ही’च्या पुढच्या चौकटीत ‘आय’ लिहायचा, त्याच्यावर ‘वाय’ची चौकोनी चिठ्ठी एकाच कडेनं, दारासारखी उघडेल अशी चिकटवायची, आणि ‘ई-आर’ मागे दुमडायचं. घडी उघडली की ‘वाय’चं दार उघडून ‘आय’ बाहेर काढावाच लागतो. गोंद चिठ्ठीच्या चारी कडांना लावला तर पट्टी वाया. मुलं नेमकं तेच करतात, म्हणून ही पट्टी आधी स्वतः करून दाखवा.

शेवटचं अक्षर केव्हा दुप्पट करायचं? शब्दाच्या शेवटी एकच व्यंजन आणि त्याच्या आधी एकच स्वर असला तर: बिग, हॉट, थिन, वेट, रेड, सॅड. ‘स्वीट’, ‘चीप’, ‘डीप’ यांत स्वर दोन लिहितात, म्हणून दुप्पट नाही. ‘लाँग’, ‘थिक’ यांत शेवटी दोन व्यंजनं, म्हणून नाही. ‘स्लो’, ‘न्यू’ यांच्या शेवटचा ‘डब्ल्यू’ दुप्पट होत नाही.

हे डोक्यात बसवायला दोन मिरच्या पुरतात. बेडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, हे इथल्या प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. म्हणून: ‘बेडगी इज रेडर, संकेश्वरी इज स्पायसिअर.’ ‘रेडर’मध्ये ‘डी’ दुप्पट, ‘स्पायसिअर’मध्ये ‘वाय’चा ‘आय’. दोन नियम आणि एकच वाक्य, तेही मुलांना आधीच पटलेलं. पावसाळ्यात ‘जांबोटी इज वेटर दॅन अथणी’ घ्या, ‘टी’ दुप्पट. मिरच्या खऱ्या आणल्या तर हात लावू देऊ नका. नंतर डोळे चोळले जातात आणि तास तिथेच संपतो.

‘मोअर’ कधी

लांब शब्दांना ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ लागतात, पण ‘लांब’ ठरवायचं कसं? इंग्रजी पुस्तकं सांगतात, टाळ्या वाजवून तुकडे मोजा. मराठी मुलांपुढे हे फसतं, कारण ती अक्षरं मोजतात. ‘टॉल’ला ती ‘टॉ’ आणि ‘ल’ अशा दोन टाळ्या वाजवतात, ‘ओल्ड’लाही दोन. टाळ्यांऐवजी हनुवटीखाली हाताचा पंजा आडवा धरायला सांगा आणि शब्द म्हणताना हनुवटी किती वेळा खाली येते ते मोजायला लावा. ‘टॉल’ एकदा. ‘हॅपी’ दोनदा. ‘ब्युटिफुल’, ‘एक्स्पेन्सिव्ह’ तीनदा. एकदा आली तर ‘ई-आर’. तीनदा किंवा जास्त आली तर ‘मोअर’. दोनदा आली आणि शेवटी ‘वाय’ असेल तर ‘आय-ई-आर’, नाहीतर सहसा ‘मोअर’: मोअर केअरफुल, मोअर फेमस, मोअर युसफुल. ‘क्लेव्हर’, ‘सिंपल’, ‘नॅरो’, ‘क्वाएट’ यांना ‘ई-आर’ सर्रास लागतं, तेव्हा ‘क्लेव्हरर’ लिहिलं म्हणून गुण कापू नका.

‘मोअर’ आणि ‘ई-आर’ एकाच शब्दाला दोन्ही कधीच नाहीत. ‘मोअर’ शिकवल्यावर आठवडाभर ‘मोअर बिगर’ वाढतंच. हे अपेक्षित धरा. ‘ई-आर’चा एक तास परत घेतला की ओसरतं.

गुड-बेटर-बेस्ट, बॅड-वर्स-वर्स्ट, मच आणि मेनी-मोअर-मोस्ट, लिटल-लेस-लीस्ट, फार-फार्दर-फार्देस्ट. हे मात्र पाठ करायचे, दुसरा इलाज नाही. पाचच आहेत.

‘मोठा’ हा शब्द जिथे फसवतो

‘माझी ताई माझ्यापेक्षा मोठी आहे’ याचं मूल ‘माय सिस्टर इज बिगर दॅन मी’ करतं. व्याकरण बरोबर आहे, अर्थ बिघडला आहे. इंग्रजीत ताई आकारानं मोठी झाली. आपला ‘मोठा’ वयाला, आकाराला, आवाजाला, घराला सगळ्यांना चालतो. इंग्रजीत वयाला ‘ओल्डर’, आवाजाला ‘लाउडर’, घराला ‘बिगर’. ‘लहान’चंही तेच: वयाला ‘यंगर’, वस्तूला ‘स्मॉलर’, उंचीला ‘शॉर्टर’. ‘लांब’ सुतळीला ‘लाँग’ आणि गावाला ‘फार’. म्हणून प्रत्येक वेळी आधी विचारा: मोठा कशानं? उत्तर मिळालं की इंग्रजी शब्द आपोआप निवडला जातो. आणि ताईसाठी ‘एल्डर दॅन मी’ नको. ‘माय एल्डर सिस्टर’ चालतं, पण ‘दॅन’ आला की ‘ओल्डर’च.

‘रवी माझ्यापेक्षा खूप उंच आहे’ याचं ‘व्हेरी टॉलर’ होतं. कम्पॅरेटिव्हच्या आधी ‘व्हेरी’ येत नाही, ‘मच टॉलर’. थोडासाच फरक असेल तर ‘अ लिटल टॉलर’. ‘तेवढाच उंच’ला ‘ॲज टॉल ॲज’. इथे शेपटी नाही, दोन्ही बाजूंना ‘ॲज’. दुसरा ‘ॲज’ खाऊन त्या जागी ‘लाइक’ लिहिण्याची सवय दिसली की लगेच थांबवा. शेवटी ‘दॅन मी’ की ‘दॅन आय’ यावर शिक्षकांतच दुमत असतं. बोलताना ‘दॅन मी’ चालतं, लिहिताना ‘दॅन आय ॲम’ शिकवा, म्हणजे कुणाचाच आक्षेप राहत नाही.

तुलनेसाठी मुलं उभी करायचीच असतील तर फक्त उंचीसाठी करा, आणि ज्यांना चालेल त्यांनाच. वजन, रंग, गुण, कपडे यांवरून नको. ‘फॅट-फॅटर’चं उदाहरण वर्गातल्या मुलावर एकदा दिलं की पुढे वर्षभर तेच नाव चिकटतं. ‘फॅट’ऐवजी रताळ्याला ‘थिक’ आहेच.

आकडे देऊन सराव

सहावी-सातवीला वस्तू पुरत नाहीत, तिथे आकडे द्या. फळ्यावर एवढं लिहा: गोकाकचा धबधबा ५२ मीटर, जोगचा २५३ मीटर. घटप्रभा २८३ किलोमीटर, कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर. बेळगावहून खानापूर साधारण २५ किलोमीटर, निपाणी ७५, बेंगळुरू ५००. प्रत्येक ओळीवर प्रत्येकानं दोन वाक्यं करायची, एक ‘दॅन’चं आणि एक ‘नॉट ॲज… ॲज’चं. ‘जोग इज हायर दॅन गोकाक.’ ‘गोकाक इज नॉट ॲज हाय ॲज जोग.’ धबधब्याला आणि डोंगराला ‘हाय’, माणसाला आणि झाडाला ‘टॉल’; इथेही ‘उंच’ फसवतोच.

मग जिल्ह्यांची जोडी. बेळगाव जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १३,४०० चौरस किलोमीटर, बेंगळुरू शहर जिल्ह्याचं सुमारे २,२००. २०११च्या जनगणनेत बेळगावची लोकसंख्या ४७ लाखांवर, बेंगळुरू शहर जिल्ह्याची ९६ लाखांवर. आता विचारा, मोठा जिल्हा कुठला? वर्ग दोन गटांत फुटतो, आणि फुटायलाच हवा. एका गटानं ‘लार्जर’ लिहायचं, दुसऱ्यानं ‘मोअर पॉप्युलस’ किंवा सोप्या भाषेत ‘हॅज मोअर पीपल’. कशानं मोठा ते सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

क्षेत्रफळात बेळगाव राज्यात पहिला असल्यामुळे आठवी ते दहावीच्या वाक्य-रूपांतरालाही हेच उदाहरण उपयोगी पडतं. ‘बेळगाव इज द लार्जेस्ट डिस्ट्रिक्ट इन कर्नाटका.’ ‘बेळगाव इज लार्जर दॅन एनी अदर डिस्ट्रिक्ट इन कर्नाटका.’ ‘नो अदर डिस्ट्रिक्ट इन कर्नाटका इज ॲज लार्ज ॲज बेळगाव.’ हे रूपांतर त्याआधीच्या इयत्तांत काढू नका; शेपटी पक्की नसलेलं मूल तीन वाक्यांत तीन वेळा चुकतं. गुण जातात ते ठरलेल्या जागी. ‘नो अदर’नंतर नाम एकवचनीच, ‘डिस्ट्रिक्ट्स’ नाही. उलट ‘वन ऑफ द’ आलं की नाम अनेकवचनी: ‘वन ऑफ द लार्जेस्ट डिस्ट्रिक्ट्स’. मराठीत ‘सर्वांत मोठ्या जिल्ह्यांपैकी एक’ म्हणताना अनेकवचन आपसूक येतं, तेव्हा हे वाक्य आधी मराठीत म्हणून घेतलं की चूक कमी होते.

आणि ‘अदर’ गळतो. ‘लार्जर दॅन एनी डिस्ट्रिक्ट इन कर्नाटका’ लिहिलं तर कर्नाटकातल्या जिल्ह्यांत बेळगावही आला, म्हणजे बेळगाव बेळगावपेक्षा मोठा झाला. मुलांना हे पटवायचं तर लगेच शेजारचं राज्य घ्या. गोव्याचं एकूण क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. ‘बेळगाव इज लार्जर दॅन एनी डिस्ट्रिक्ट इन गोवा’, इथे ‘अदर’ नको, कारण बेळगाव गोव्यात नाही. ही दोन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहून ‘अदर’ कुठे आणि का, एवढाच प्रश्न विचारा.